३,४९९ दिवस

पुण्याच्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागू झाले ते २२ फेब्रुवारी २०१३ रोजी, दिवसाचे कामकाज संपल्यावर. परवाना रद्द केल्याचा आदेश अमलात आला २२ सप्टेंबर २०२२ रोजी. या दोन तारखांमध्ये ३,४९९ दिवस आहेत. नऊ वर्षे, सात महिने. पहिलीतल्या नातवाच्या पुढच्या शिक्षणासाठी एखाद्या आजोबांनी २०१३ च्या जानेवारीत तिथे ठेव ठेवली असेल, तर बँक कायमची बंद झाली तेव्हा तो नातू अकरावीत होता.

आता दुसऱ्या दोन तारखा. येस बँकेवर मोरेटोरियम (व्यवहारांवरची तात्पुरती बंदी) आला ५ मार्च २०२० रोजी आणि उठला १८ मार्चला. तेरा दिवस. तेवढ्यात स्टेट बँकेने ६,०५० कोटी रुपये घातले, बरोबर आणखी खासगी बँका उभ्या केल्या आणि सगळे मिळून १०,००० कोटींचे भांडवल उभे राहिले. एकाही ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही.

रुपी बँकेत शेवटच्या काळात ठेवी होत्या सुमारे १,३०० कोटींच्या. येस बँकेत सप्टेंबर २०१९ अखेर २ लाख ९ हजार कोटींच्या. पाचशेच्या नोटा सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता मोजत बसलो, तर रुपी बँकेच्या ठेवी दहा महिन्यांत मोजून होतील. येस बँकेच्या ठेवी मोजायला १३२ वर्षे लागतील. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव रुजला त्या १८९३ साली मोजायला बसलेला माणूस २०२५ साली उठला असता. एका बँकेच्या ठेवी दुसरीच्या १६० पट, आणि लहान बँकेच्या ठेवीदारांची प्रतीक्षा मोठीच्या २६९ पट. दोन्हीकडे सरकारी कागदावर कारण मात्र एकच लिहिलेले आहे: सार्वजनिक हित.

येस बँक वाचवली हे चुकले, असे मला म्हणायचे नाही. तेवढी मोठी बँक कोसळली असती तर तिच्याबरोबर किती पेमेंट ॲप, किती कारखान्यांचे पगार, किती दुसऱ्या बँकांची देणी अडकली असती, याचा विचार करूनही भीती वाटते. प्रश्न वेगळा आहे. बुडत्या बँकेचे काय करायचे हे ठरवताना सार्वजनिक हित नेमके कशाने मोजतात? रुपयांनी, माणसांनी की दिवसांनी?

१९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन कायद्याचे कलम ४५ वाचले तर चार कारणे सापडतात. सार्वजनिक हितासाठी, ठेवीदारांच्या हितासाठी, बँकेचा कारभार नीट चालावा म्हणून किंवा देशाच्या एकूण बँकव्यवस्थेच्या हितासाठी आवश्यक वाटले, तर रिझर्व्ह बँक एखाद्या बँकेच्या पुनर्रचनेची किंवा विलीनीकरणाची योजना आखू शकते. चारपैकी कोणतेही एक कारण पुरते. पण सार्वजनिक हित म्हणजे काय, ते किती असले म्हणजे पुरेसे, कोणत्या मापाने तोलायचे, याबद्दल कायदा काहीही सांगत नाही. माप रिझर्व्ह बँकेच्या विवेकावर सोडलेले आहे.

ही सत्ता आली ती एका धक्क्यातून. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. देश हादरला. त्यानंतर सक्तीच्या विलीनीकरणाचे अधिकार कायद्यात आले आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. संरक्षण होते माणशी १,५०० रुपयांचे. १९५१ साली देशात ५६६ व्यापारी बँका होत्या. १९६९ उजाडेपर्यंत त्या शंभराच्या आत आल्या. कितीतरी लहान बँका मोठ्यांत मिसळल्या आणि त्यांच्या ठेवीदारांच्या हातात फक्त नव्या नावाचे पासबुक आले.

हा रस्ता महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. २००६ च्या जानेवारीत कुरुंदवाडच्या गणेश बँकेवर मोरेटोरियम आला. भागधारक भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण विलीनीकरण टिकले आणि २ सप्टेंबर २००६ पासून ती बँक फेडरल बँकेत गेली. नेमक्या त्याच दिवशी साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर मोरेटोरियम लागला. सातारा-सांगली-पुणे पट्ट्यातल्या कितीतरी घरांची ती बँक. ३ ऑक्टोबरला तिच्या शाखा आयडीबीआयच्या नावाने उघडल्या. एकतीस दिवस.

मग रुपी बँकेला ३,४९९ दिवस का लागले? याचे एक उत्तर सरळ आहे आणि ते कायद्यातच आहे. कलम ४५ सहकारी बँकांना लागूच नव्हते. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या खऱ्या, पण अर्ध्याच. परवाना, तपासणी, निर्बंध रिझर्व्ह बँकेकडे. संचालक मंडळ, निवडणूक, प्रशासक, अवसायन हे राज्याच्या सहकार खात्याकडे. सहकार आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच, रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय मुंबईत, आणि मधल्या दीडशे किलोमीटरमध्ये फायली फिरत राहिल्या. रिझर्व्ह बँकेला रुपी बँकेचे दरवाजे बंद करता येत होते, पण ती दुसऱ्या बँकेत सक्तीने विलीन करता येत नव्हती. कोणीतरी आपणहून पुढे यावे आणि थकीत कर्जांचा खड्डा पाहून मागे फिरू नये, एवढीच आशा होती. ही अडचण दूर झाली ती २६ जून २०२० च्या वटहुकुमाने. तोवर रुपी बँकेच्या निर्बंधांना सात वर्षे उलटली होती.

तरीही कायदा हे पूर्ण उत्तर नव्हे. याच शहरातली श्री सुवर्ण सहकारी बँक २००६ च्या सप्टेंबरमध्ये अडकली आणि २००९ च्या मे महिन्यात इंडियन ओव्हरसीज बँकेने ती घेतली. तेव्हाही कायदा जुनाच होता. चेन्नईची राष्ट्रीयीकृत बँक पुण्याची सहकारी बँक घेऊ शकली, कारण तसे घडवून आणण्याची इच्छा होती. अडीच वर्षांहून जास्त लागली, तीही थोडकी नव्हेत, पण शेवट झाला आणि ठेवीदारांना पैसे मिळाले.

रुपी बँकेचे ठेवीदार काय करत होते? निर्बंधाखालच्या बँकेत रोजचे व्यवहार जवळजवळ थांबतात. नवे कर्ज नाही, नवी ठेव नाही, ठरलेल्या रकमेपलीकडे पैसे काढता येत नाहीत. अपवाद ‘हार्डशिप’चा: आजारपण, लग्न, शिक्षण. म्हणजे स्वतःचे पैसे मिळवण्यासाठी स्वतःची अडचण सिद्ध करायची. दवाखान्याची बिले, डॉक्टरांची चिठ्ठी, लग्नपत्रिका, कॉलेजच्या फीची पावती, सगळ्याच्या झेरॉक्स, वर अर्ज. ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही त्याने सत्तराव्या वर्षी काउंटरवर आपल्या शस्त्रक्रियेचे कागद पसरायचे. निर्बंधांची मुदत संपत आली की पुढची मुदतवाढ यायची, कधी सहा महिन्यांची, कधी तीन. प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी बातमी छापून यायची आणि पेठांमधल्या घरांत पुन्हा आशा जागी व्हायची.

ही बँक १९१२ सालची. सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ ची. म्हणजे रुपी बँक या चळवळीच्या अगदी पहिल्या पिढीतली. लोक तिथे दोन-तीन पिढ्या पैसे ठेवत होते ते व्याजदराची तुलना करून नव्हे, ओळखीवर. ठेवीदारांची संख्या पाच लाखांच्या घरात होती.

आता जो हिशेब मला सगळ्यात थक्क करतो तो सांगतो. ठेव विम्याची मर्यादा १ मे १९९३ पासून एक लाख रुपये होती. पावणेसत्तावीस वर्षे ती हलली नाही. ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती पाच लाख झाली. याचा अर्थ रुपी बँक २०१४ मध्ये किंवा २०१९ मध्ये बंद झाली असती, तर ठेवीदाराला विम्यातून जास्तीत जास्त एक लाख मिळाले असते. २०२२ मध्ये बंद झाली म्हणून पाच लाख मिळाले. ज्या दिरंगाईने लोकांना छळले तिनेच त्यांच्यातल्या हजारोंना वाचवले. मुंबईच्या सीकेपी बँकेचा परवाना ३० एप्रिल २०२० रोजी रद्द झाला, मर्यादा वाढल्यानंतर ८६ दिवसांनी. ८७ दिवस आधी झाला असता तर चार लाख असलेल्या ठेवीदाराचे तीन लाख विम्याबाहेर राहिले असते. ज्या तारखेवर इतके अवलंबून असते ती तारीख ठरवताना सार्वजनिक हिताचा कोणता हिशेब मांडला जातो, हे ठेवीदाराला कधीच कळत नाही. रुपी बँकेत दिरंगाई फायद्याची ठरली हा योगायोग होता. कोणाच्या धोरणाचे ते फळ नव्हते.

८ ऑगस्ट २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्देशामुळे तो सहा आठवड्यांनी अमलात यायचा होता. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही, कमाईची शक्यता नाही, आणि तिला यापुढे व्यवसाय करू दिल्यास सार्वजनिक हिताला बाधा येईल, असे त्यात म्हटले होते. सोबत एक आकडा होता: ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र धरले होते. सहकारी बँकेचा परवाना रद्द होताना असा आकडा हमखास येतो. पुण्याच्याच शिवाजीराव भोसले सहकारी बँकेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, तो ९८ टक्क्यांहून अधिक होता. पिंपरीच्या सेवा विकास बँकेच्या वेळी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, पुन्हा ९९.

९९ हा आकडा वाचला की मन निवांत होते. त्याच्या आत डोकावले की ते राहत नाही.

पहिली गोष्ट, पाच लाखांचा एक टक्का म्हणजे पाच हजार. आदेशात ९९ हून अधिक म्हटले आहे, म्हणून त्याहून कमी धरू. तरी ती संख्या हजारांतच राहते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विम्याच्या हिशेबात ठेवीदार म्हणजे माणूस नव्हे, ठेवीदार म्हणजे ज्याच्या नावावर खाते आहे तो. ऐंशी सदनिकांची गृहनिर्माण सोसायटी हा एक ठेवीदार. इमारतीच्या दुरुस्तीसाठी दहा वर्षे साठवलेला चाळीस लाखांचा सिंकिंग फंड तिच्या नावावर असेल, तर तिला पाच लाख मिळतात आणि ऐंशी कुटुंबांचे पस्तीस लाख अडकतात. यादीत मात्र ती एक टक्क्यातली एक ओळ असते. पतसंस्था हाही एकच ठेवीदार, आणि तिच्या मागे भाजीवाले, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका मिळून हजार-दोन हजार सभासद असू शकतात. शाळा चालवणारी संस्था, देवस्थान, निवृत्त कर्मचाऱ्यांची संघटना, सगळे एकेक. पुण्यासारख्या शहरात, जिथे चार माणसे जमली की संस्था उभी राहते, तिथे या एका टक्क्यामागे किती घरे असतील? तो आकडा कोणत्याही आदेशात येत नाही. माझी तक्रार आहे ती इथे. खिडकीपुढची डोकी मोजली जातात. त्या डोक्यांमागे उभी असलेली माणसे मोजलीच जात नाहीत.

देशाचे आकडे पाहिले तर हीच फट अवाढव्य होते. मार्च २०२४ अखेर देशात विम्याखालच्या ठेव खात्यांची संख्या २८९.७ कोटी होती, म्हणजे माणशी दोन. त्यांतली ९७.८ टक्के खाती पूर्ण संरक्षित. पण रकमेच्या हिशेबाने फक्त ४३.१ टक्के. एकूण सुमारे २१८ लाख कोटींच्या ठेवींपैकी ९४ लाख कोटींना विम्याचे छत्र होते आणि १२४ लाख कोटी उघड्यावर. उरलेली २.२ टक्के खाती म्हणजे सहा कोटींहून जास्त. दर खात्यामागे सरासरी एकोणीस-वीस लाख रुपये विम्याबाहेर. यात मोठ्या कंपन्या आहेत, सरकारी संस्था आहेत, आणि निवृत्तीची सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवलेले शिक्षकही आहेत. ठेव विमा महामंडळाचा निधी तेव्हा होता सुमारे १ लाख ९९ हजार कोटींचा. संरक्षित ठेवींच्या तो दोन टक्क्यांच्या थोडा वर भरतो. दहा-वीस लहान बँका बुडाल्या तर भरपूर. एखादी महाकाय बँक बुडाली तर अपुरा. मोठ्या बँकेला बुडू देता येत नाही यामागे हाही एक हिशेब आहे, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे.

या निधीत पैसे येतात बँकांच्या हप्त्यातून. एप्रिल २०२० पासून शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला बारा पैसे हा दर होता. हप्ता पूर्ण ठेवीवर, संरक्षण पाच लाखांवर. म्हणजे त्या सोसायटीच्या चाळीस लाखांवरही बँकेने हप्ता भरलेला असतो, त्या दराने वर्षाला ४,८०० रुपये. हप्ता चाळीस लाखांचा आणि भरपाई पाच लाखांची, हे मला न्याय्य वाटत नाही.

२०२१ मध्ये एक मोठी सुधारणा झाली. ठेव विमा कायद्यात कलम १८ अ आले आणि १ सप्टेंबरपासून लागू झाले. त्याआधी विम्याचे पैसे मिळायला बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायन सुरू व्हावे लागे. बँक नुसती निर्बंधाखाली असेल तर काहीच नाही. आता निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यावी लागते. यामुळेच रुपी बँकेच्या ठेवीदारांना परवाना रद्द होण्याआधी पैसे मिळाले. संमतिपत्र, ओळखीचा पुरावा, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील, हे कागद ज्यांनी दिले त्यांना १८ मे २०२२ पर्यंत ७००.४४ कोटी रुपये पोचले. घेणारे होते सुमारे ६४ हजार. प्रत्येकी सरासरी एक लाख नऊ हजार.

पाच लाखांतले ६४ हजार. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या खात्यात शे-पाचशे, हजार-दोन हजार पडून असावेत, असे मी समजतो. पण त्यांत असेही असणार ज्यांचा पत्ता बदलला, ज्यांची मुले परदेशी गेली, जे या नऊ वर्षांत वारले आणि ज्यांच्या वारसांना त्या पासबुकाची खबरच नाही.

आणि ज्या पैशाने ६४ हजार घरांना दिलासा मिळाला, त्याच पैशाने बँक वाचण्याचा रस्ता अरुंद केला. आधी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने विलीनीकरणाची तयारी दाखवली होती, ती मान्य झाली नाही. २०२२ च्या सुरुवातीला देशातली सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक, सारस्वत बँक, पुढे आली. रुपी बँकेचे प्रशासक सुधीर पंडित यांची धडपड चालू होती. पण विमा महामंडळाने दिलेली रक्कम बँकेने, किंवा ती घेणाऱ्या बँकेने, महामंडळाला परत करायची असते. सातशे कोटी वाटले गेले की घेणाऱ्या बँकेच्या डोक्यावर सातशे कोटींचे देणे येते, आणि ज्या ठेवीदारांच्या जोरावर धंदा पुन्हा उभा राहायचा ते पैसे घेऊन निघून गेलेले असतात. विलीनीकरण बारगळले. आधी विलीनीकरण की आधी विमा, हा क्रम ठरवणे हीसुद्धा सार्वजनिक हिताचीच परीक्षा होती, आणि त्या परीक्षेची प्रश्नपत्रिकाच कोणी लोकांपुढे ठेवली नाही.

युरोपात ती ठेवावी लागते. २०१४ नंतर तिथल्या कायद्याने ठरवले की बुडत्या बँकेसाठी खास यंत्रणा हलवायची असेल, तर आधी एका प्रश्नाचे उत्तर लेखी द्यायचे: ही बँक साध्या दिवाळखोरीने बंद केली तर ठेवीदार, अत्यावश्यक सेवा, आर्थिक स्थैर्य आणि जनतेचा पैसा यांचे तितकेच रक्षण होते का? होत असेल तर खास उपायाची गरज नाही. म्हणून ७ जून २०१७ रोजी स्पेनची बांको पोप्युलर एका युरोला सांतांदेर बँकेला विकली गेली, कारण तिच्यात सार्वजनिक हित दिसले. त्याच महिन्यात इटलीतल्या व्हेनेतो भागातल्या दोन बँकांत ते दिसले नाही, आणि त्या इटलीच्या स्वतःच्या कायद्यानुसार बंद करायला सोडल्या. मग इटली सरकारनेच सुमारे ४.८ अब्ज युरो रोख आणि १२ अब्जांपर्यंतची हमी देऊन त्यांचा चांगला भाग इंटेसा बँकेकडे सोपवला. युरोपच्या पातळीवर ज्या बँकांत सार्वजनिक हित नव्हते त्यांच्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला. तिथली परीक्षाही निर्दोष नाही. पण उत्तर लेखी असल्यामुळे निदान त्यावर वाद घालता येतो, न्यायालयात जाता येते, चूक दाखवता येते.

अमेरिकेत २०२३ च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघाले; चोवीस तासांवर भागले तरी सेकंदाला जवळपास पाच लाख डॉलर. तिथे विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर आणि त्या बँकेतल्या ९० टक्क्यांहून जास्त ठेवी मर्यादेबाहेरच्या. रुपी बँकेच्या बरोबर उलटे चित्र. शुक्रवारी बँक बंद झाली, रविवारी सरकारने सगळ्या ठेवींची हमी घेतली. तीन दिवसांत मर्यादेबाहेरचे सगळे मर्यादेत आले, कारण ते पैसे कंपन्यांचे होते आणि कंपन्यांचे पगार थांबले असते.

आपल्याकडेही वेग वाढतो आहे हे खरे. मुंबईच्या पीएमसी बँकेला २३ सप्टेंबर २०१९ पासून २५ जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे विलीनीकरण होईपर्यंत, ८५५ दिवस लागले. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी अडकली आणि ४ ऑगस्टला सारस्वत बँकेत गेली, १७२ दिवस. पण पीएमसीची योजना नीट वाचावी. पाच लाखांवरच्या ठेवी हप्त्याहप्त्याने, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. पहिली पाच वर्षे व्याज नाही, नंतर वर्षाला २.७५ टक्के. सात टक्के दर धरला तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत ५१ पैसे. संस्थांच्या विम्याबाहेरच्या ठेवींपैकी ८० टक्के रक्कम तर एक टक्का लाभांशाच्या प्रेफरन्स शेअरमध्ये बदलली गेली. त्याच त्या सोसायट्या आणि पतसंस्था. विमा महामंडळाला मात्र आपले पैसे परत घ्यायला वीस वर्षांची मुदत मिळाली. तशी मुदत रुपी बँकेच्या वेळी सारस्वतला मिळाली असती तर, हा प्रश्न पुण्यातले ठेवीदार आजही विचारतात आणि तो रास्त आहे.

बँका बंद करण्यासाठी स्वतंत्र महामंडळ आणि लेखी निकष असावेत, असे एक विधेयक ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत आले होते. ठेवीदारांच्या पैशातून बँकेचा तोटा भरून काढण्याची तरतूद त्यात असल्याचे कळताच देशभर घबराट पसरली आणि वर्षभराने ते मागे घेतले गेले. ते कलम घातक होते, गेले ते बरे झाले. पण त्याच्याबरोबर निकष लिहून काढण्याची गोष्टही गेली, आणि ती परत आणायला कोणी तयार नाही. १९२६ वरून १४७२: २००४ ते २०२४ या वीस वर्षांत नागरी सहकारी बँकांची संख्या इतकी घटली. सर्वांत जास्त बँका महाराष्ट्रात आहेत, म्हणजे पुढचे निर्णयही बहुतेक आपल्याच गावांत व्हायचे आहेत. त्या प्रत्येक आदेशात ९९ टक्क्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे छापावेत, एवढी मागणी करायला काहीच हरकत नसावी: मर्यादेबाहेर राहिलेल्या संस्थांचे एकूण सभासद किती, आणि निर्बंध लागल्यापासून आजवर दिवस किती झाले. दोन्ही आकडे काढायला बँकेच्या संगणकाला आणि सहकार खात्याच्या दप्तराला फार तर एक आठवडा लागेल.

परवाना रद्द झाल्यावर रुपी बँकेत पाच लाखांच्या वर रक्कम असलेले ठेवीदार अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून राहिले. थकबाकीदारांकडून जे येईल, मालमत्ता विकून जे मिळेल, त्यातून आधी अवसायनाचा खर्च निघतो, मग विमा महामंडळाचे पैसे फेडले जातात, आणि त्यानंतर उरलेल्या ठेवीदारांची पाळी येते. म्हणजे ७०० कोटींहून मोठ्या देण्याच्या मागे ते उभे राहिले.